वाड्यातल्या न दिसणाऱ्या भिंती: एका मॅपचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पुण्यातल्या तीन मित्रांनी ‘कौंटर-स्ट्राइक: ग्लोबल ऑफेन्सिव्ह’ या दोन संघांच्या नेमबाजीच्या कॉम्प्युटर गेमसाठी एक मॅप, म्हणजे सामना जिथे होतो ती जागा, बांधला होता. एक जण आर्किटेक्चरचा विद्यार्थी, दुसरा प्रोग्रामर आणि तिसरा कॉलेजच्या स्पर्धांमध्ये खेळणारा. त्यांची नावं, कॉलेज आणि मॅपचं खरं नाव मी इथे देत नाही. मॅपला नुसतं ‘वाडा’ म्हणते.

दिंडी दरवाजातून आत आलं की देवडी, पुढे मोठा चौक, चौकात तुळशी वृंदावन. मधल्या इमारतीत खाली सोपा आणि माजघर, वर दिवाणखाना आणि लाकडी सज्जा. तिच्यामागे आडाचा चौक, एका अंगाला पागा, बाहेरून वळसा घालणारा अरुंद बोळ. बाँब लावायच्या दोन जागा होत्या, एक आडाजवळ आणि दुसरी पागेत. काम मनापासून केलेलं होतं. कौलांच्या रांगा, खांबांचं कोरीवकाम, तुळयांची टोकं सगळं जागच्या जागी होतं.

हा खेळ सोर्स इंजिनावर, म्हणजे खेळातलं जग रंगवणाऱ्या आणि चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, बांधलेला आहे. सोर्सचे मॅप हॅमर एडिटरमध्ये घन ठोकळ्यांनी, म्हणजे ब्रशनी, बांधतात. ब्रशच्या प्रत्येक बाजूला टेक्स्चर, म्हणजे वर चिकटवायचं चित्र, लागतं: वीट, दगड, लाकूड. याशिवाय काही खास टूल टेक्स्चर असतात, जी खेळताना कधीच दिसत नाहीत. पिवळं नोड्रॉ लावलेली बाजू इंजिन रंगवत नाही, पण ठोकळा घनच राहतो. जांभळट प्लेअरक्लिप फक्त खेळाडूला अडवतं, गोळी आणि ग्रेनेड आरपार जाऊ देतं. निळ्या स्कायबॉक्सच्या जागी आकाश दिसतं. दृश्यतेचा, म्हणजे कुठून काय दिसतं याचा, हिशोब करण्यासाठी मोकळ्या जागेचे तुकडे पाडले जातात. हिंट आणि स्किप या जोडीने ते तुकडे कुठे पडावेत ते ठरवता येतं आणि एरियापोर्टलने दारापलीकडची खोली रंगवायची की नाही ते. कल्पना जुनी आहे. ‘क्वेक ३’ या जुन्या गेमचे मॅप करणारे १९९९ पासून नोड्रॉच्या कामासाठी कॉल्क नावाचं टेक्स्चर वापरत आले आहेत.

या टीमने टूल टेक्स्चर शेवटी, सजावट संपल्यावर लावायला घेतली. कॉलेजची स्पर्धा तोंडावर आली होती. सरावाच्या सामन्यांत तक्रारी आल्या, तेव्हा त्यांनी मला मॅप बघायला बोलावलं.

अडचण

तक्रारी पाच होत्या आणि वरवर पाहता त्यांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. पुढच्या चौकात पाऊल टाकलं की लॅबमधल्या जुन्या मशिनवर खेळ अडखळायचा. वृंदावनावर चढून, साथीदाराच्या डोक्यावर पाय देऊन एक खेळाडू कौलांवर पोचला होता आणि तिथून त्याला दोन्ही चौक दिसत होते. पागेच्या छपराजवळ गोळ्या हवेतच थांबत होत्या, ग्रेनेड कशाला तरी आपटून परत येत होता. चौकातून बघताना पागेच्या कौलांचा एक पट्टा मधूनच गायब व्हायचा. जिन्यावरून पळताना नजर इतकी हलायची की नेम धरता येत नव्हता.

पहिल्या तक्रारीवर टीमने एक उपाय आधीच केला होता. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की न दिसणाऱ्या सगळ्या बाजूंना नोड्रॉ लावा, मॅप हलका होतो. त्यांनी बाहेरच्या भिंतींच्या पाठी, पायाचे ठोकळे, छपरांची खालची बाजू असं दिसेल ते पिवळं केलं. फरक पडला, पण थोडाच. शिवाय घाईत दोन दिसणाऱ्या बाजूही पिवळ्या झाल्या आणि माजघराच्या कोपऱ्यात भिंतीऐवजी आधीच्या चित्रांचा फराटा दिसायला लागला.

पाहणीत काय सापडलं

मी आधी वायरफ्रेम, म्हणजे इंजिन जे जे रंगवतं ते नुसत्या रेषांत दाखवणारी सोय, चालू करून दिंडी दरवाजाशी उभी राहिले. समोर फक्त चौक दिसायला हवा होता. प्रत्यक्षात मागचा चौक, आड, पागेतल्या गव्हाणी, बोळाचा पार शेवटचा दिवा असा अख्खा वाडा रेषांमध्ये उमटला होता. इंजिन तो सगळा दर क्षणी रंगवत होतं आणि वर पुढची भिंत घालून झाकत होतं.

कारणं दोन निघाली. पहिलं म्हणजे मॅपमधल्या फटी शोधण्याचा कंटाळा येऊन टीमने वाड्याभोवती आकाशाची एक मोठी पोकळ पेटी बांधली होती. हॅमर शिकणारे बरेच जण हे करतात, कारण लीकचा, म्हणजे मॅप कुठेतरी उघडा राहिल्याचा, एरर लगेच जातो. पण कंपाइल करताना, म्हणजे एडिटरमधल्या मॅपची खेळण्याजोगी फाइल बनवताना, सोर्सचा पहिला कंपायलर, व्हीबीएसपी, मॅपच्या बाहेरच्या पोकळीकडे तोंड केलेल्या बाजू स्वतःच काढून टाकतो. पेटी बांधली की बाहेर असं काही उरतच नाही. वाड्याच्या बाहेरच्या भिंती, छपरांची बाहेरची अंगं, सगळं ‘आत’ येतं. त्या बाजू राहतात, त्यांच्यावर प्रकाशाचा हिशोब होतो, आणि दृश्यतेचा हिशोब करणाऱ्या व्हीव्हीआयएसला वाड्याबाहेरची रिकामी जागाही मोजावी लागते. रात्री लावलेलं कंपाइल सकाळी चालूच असायचं, त्यामागे हेच होतं. म्हणजे टीम जे नोड्रॉ हाताने लावत बसली होती, त्यातला मोठा भाग मॅप नीट बंद केला असता तर कंपायलरने आपणहून केला असता.

दुसरं कारण आर्किटेक्चरच्या प्रेमातून आलं होतं. मधल्या इमारतीच्या भिंतींना कोनाडे होते, खांबांच्या खाचा होत्या, म्हणून ती अख्खी इमारत ‘फंक-डीटेल’, म्हणजे बारीक सजावटीसाठीचे डीटेल ब्रश, केलेली होती. डीटेल ब्रश दृश्यता अडवत नाही. डोळ्याला हातभर जाडीची भिंत दिसत होती, पण व्हीव्हीआयएसच्या लेखी तिथे भिंतच नव्हती.

हवेत थांबणाऱ्या गोळ्यांचा शोध जास्त वेळ चालला. क्लिप ब्रश दाखवणारी आर-ड्रॉक्लिपब्रशेस ही कमांड चालू केली, तर पागेच्या छपराशी काहीच दिसेना. मग हॅमरमध्ये तो कोपरा उघडला. कौलांवर कुणी चढू नये म्हणून पाखाडीच्या, म्हणजे छपराच्या उताराच्या, काठावर आकाशापर्यंत उंच एक ठोकळा उभा होता, सहाही बाजूंना नोड्रॉ. लावणाऱ्याचा तर्क होता की न दिसणारी भिंत हवी तर न दिसणारं टेक्स्चर. पण नोड्रॉचा ठोकळा खेळाडूइतकाच गोळीला आणि ग्रेनेडलाही घन असतो. आणि तो दृश्यताही अडवतो. चौकात दोन पावलं इकडेतिकडे झालं की पागेच्या कौलांचा एक पट्टा गायब व्हायचा, कारण इंजिनाच्या मते मध्ये भिंत होती आणि मागचं रंगवायची गरज नव्हती. खेळाडूंनी या दोन गोष्टी वेगवेगळ्या तक्रारी म्हणून लिहिल्या होत्या. ठोकळा एकच होता.

कोणते पर्याय समोर होते

पहिला निर्णय पेटीचा. ती काढली तर मॅप कुठे कुठे गळतो हे एकदम समोर येणार आणि लीक असला की व्हीव्हीआयएस चालतच नाही. स्पर्धा जवळ असताना हे उकरावं का, यावर तिघांत बराच वाद झाला. खेळाडूचं म्हणणं, आहे तसा चालू द्या, फक्त सजावट कमी करा. प्रोग्रामरला पेटी काढायची होती. मी त्याच्या बाजूने बोलले, कारण सजावट उतरवून वेग थोडा वाढला असता, पण प्रत्येक कंपाइलला रात्र जात राहिली असती आणि बाकीच्या दुरुस्त्या तपासायला वेळच उरला नसता.

दुसरा निर्णय दोन चौक एकमेकांपासून तोडण्याचा, आणि या प्रकरणातला सगळ्यात विचार करायला लावणारा हाच होता. सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे आकाश खाली आणणं. स्कायबॉक्सचा ब्रश मधल्या इमारतीच्या आढ्यावर टेकवला की दोन्ही चौकांना आपापलं आकाश मिळतं, मधल्या दारांना एरियापोर्टल लावता येतात, आणि मागचा चौक पुढून रंगवायचा प्रश्नच येत नाही. पण आकाशाचा ब्रशही घन असतो. पुढच्या चौकातून आढ्यावरून आडाजवळ धुराचा ग्रेनेड टाकणं हा या मॅपवरचा सगळ्यात रंगतदार डाव होता. सरावाच्या सामन्यांत खेळाडूंनी तो आपणहून शोधून काढला होता. आकाश खाली आणलं असतं तर आढ्यावर ग्रेनेड निळ्या हवेला आपटला असता.

दुसरा पर्याय हिंटचा. मोकळ्या चौकात जमिनीपासून आकाशापर्यंत एकच उंच तुकडा पडला होता. त्याचा वरचा भाग छपरावरून पलीकडच्या चौकाचा वरचा भाग बघतो, म्हणून अख्खा तुकडा अख्ख्या तुकड्याला ‘दिसतो’. आढ्याच्या उंचीवर आडवा हिंट टाकला की तुकडा दोन मजल्यांत कापला जातो. जमिनीवरच्या खेळाडूला पलीकडचा वरचा तुकडा दिसत राहतो, पण त्यात फक्त आकाश असतं. पलीकडची जमीन सुटते. हे आकाश खाली आणण्याइतकं कडक नाही, पण ग्रेनेड मोकळे राहतात. मात्र मध्ये खरीखुरी घन भिंत नसेल तर हिंटचा काही उपयोग नाही.

तिसरा निर्णय कौलांचा. तिथे जाणं हा डाव म्हणून मान्य करायचं, की बंद करायचं? बंद करायचं तर दिसणाऱ्या वस्तूने की प्लेअरक्लिपने? स्पर्धेचा मॅप असताना हा प्रश्न किरकोळ नसतो. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये स्वीडनमधल्या ड्रीमहॅक विंटर या कौंटर-स्ट्राइक स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीत एलडीएलसी संघाविरुद्ध फ्नॅटिक संघाच्या खेळाडूंनी ओव्हरपास मॅपवर एकमेकांच्या डोक्यावर चढून अशी एक जागा गाठली, जिथे त्यांना उभं राहता येईल असं मॅप बनवणाऱ्यांनी धरलंच नव्हतं. पहिल्या अर्ध्यात ३-१२ ने मागे असलेला संघ १६-१३ ने जिंकला. एलडीएलसीने तक्रार केली, आयोजकांनी मॅप पुन्हा खेळवायचं ठरवलं, फ्नॅटिकने माघार घेतली आणि एलडीएलसीने पुढे ती स्पर्धाच जिंकली. ती जागा नंतर मॅपमध्ये बंद झाली. हा किस्सा तिघांनाही माहीत होता, त्यामुळे कौलं बंद करण्यावर एकमत पटकन झालं.

वृंदावनाचं मात्र वेगळं होतं. खेळाडूच्या दृष्टीने ती चौकातली आडोशाची चांगली जागा, आणि नुसतं त्यावर उभं राहण्याने डाव बिघडत नव्हता. पण बूट घातलेला माणूस तुळशीवर उभा राहतो हे आर्किटेक्टला पहिल्यापासून खटकत होतं, आणि सराव बघायला आलेल्या काही मुलांनीही ते बोलून दाखवलं. वृंदावन काढायला तो तयार नव्हता, त्याशिवाय चौक चौकासारखा वाटेना. मला त्याचं म्हणणं पटलं. मॅपमधली जागा ज्यांची आहे, त्यांना तिथे काय चालेल हा डिझाइनचाच भाग आहे.

प्रत्यक्ष काय केलं

आधी पेटी काढली. अपेक्षेप्रमाणे पहिल्या कंपाइलला लीक मिळाला. हॅमर लीकच्या वाटेची लाल रेघ दाखवतो. ती रेघ आडाच्या चौकातल्या फरसबंदीतून खाली उतरत होती. फरसबंदी उंचसखल दिसावी म्हणून ती डिस्प्लेसमेंटने, म्हणजे वरखाली ओढता येणाऱ्या पृष्ठभागाने, केली होती, आणि डिस्प्लेसमेंट मॅप बंद करत नाही. तिच्याखाली नोड्रॉचा सपाट ठोकळा घातला. मग बोळाच्या टोकाशी दुसरी रेघ, पागेच्या मागे तिसरी. प्रत्येक ठिकाणी घन ब्रश, आतल्या न दिसणाऱ्या बाजूला नोड्रॉ. वर आकाश फक्त जिथे खरोखर उघडं आहे तिथे, भिंतींच्या माथ्यावर टेकवून, पण ग्रेनेडला वाव राहील इतक्या उंचीवर.

मधल्या इमारतीच्या जाड भिंतींच्या पोटात साधे वर्ल्ड ब्रश, म्हणजे दृश्यता अडवणारे नेहमीचे घन ठोकळे, घातले, सगळीकडून नोड्रॉ. कोनाडे आणि खाचा वरून डीटेल म्हणूनच राहिल्या. इथे नोड्रॉ आपल्या खऱ्या कामाला आलं: दिसायचं काही नाही, पण व्हीव्हीआयएसला भिंत सापडते. मग आढ्याच्या उंचीवर आडवा हिंट टाकला. पातळ आडव्या ब्रशच्या एकाच बाजूला हिंट, उरलेल्या पाचांना स्किप, नाहीतर नको तिथेही तुकडे पडतात. पागा छपराखाली असल्यामुळे तिच्या दारांना एरियापोर्टल लावले. पहिल्या वेळी कंपायलरने एरियापोर्टल लीकची तक्रार केली, कारण मागच्या भिंतीतला झरोका सगळेच विसरले होते. त्यालाही पोर्टल लावल्यावर ती गेली.

पागेवरचा नोड्रॉचा ठोकळा काढला आणि त्या जागी प्लेअरक्लिप उभी केली, पाखाडीपासून आकाशापर्यंत. अर्ध्या उंचीची क्लिप इथे चालत नाही. डोक्यावर डोकं ठेवून खेळाडू तिच्यावर चढतात आणि मग क्लिपच्या माथ्यावर, हवेत, उभे राहतात. पहिल्या चाचणीत सज्जातून उडी मारणारा खेळाडू मध्येच अडला. क्लिप पाखाडीच्या ८ युनिट (युनिट म्हणजे हॅमरमधलं लांबीचं माप) पुढे आली होती. एवढ्याशा फरकानेही हात काचेला लागल्यासारखं होतं आणि खेळणाऱ्याचा मॅपवरचा विश्वास उडतो. ती काठाला तंतोतंत जुळवली.

वृंदावनावर प्लेअरक्लिपचा उभट शंकू घातला. सोर्समध्ये साधारण ४५ अंशांपेक्षा जास्त उतारावर खेळाडू उभा राहू शकत नाही, घसरतो. त्यामुळे वर उडी मारली तरी पाय ठरत नाही, पण वृंदावनाच्या आड लपता येतं, गोळी दगडाला लागते आणि ग्रेनेड त्याच्यावरून उसळतो.

याच नियमाने जिन्याचं कोडं घातलं. नजर हलू नये म्हणून पायऱ्यांवर प्लेअरक्लिपची उतरण टाकायची पद्धत आहे. खेळाडू उतरणीवरून सरकतो, ग्रेनेड खऱ्या पायऱ्यांवरून टप्पे खातो. पण वाड्यातला जिना उभा होता, पायरी १२ युनिट उंच आणि ८ रुंद. उतरण सुमारे ५६ अंशांची झाली आणि खेळाडू वर जाण्याऐवजी खाली घसरायला लागला.

“ताई, खरा जिना असाच असतो. भिंतीत, अंधारा, उभा,” आर्किटेक्ट म्हणाला.

तो बरोबर होता. तरी मी बदलायला सांगितलं. उतरण काढून टाकली असती तर १८ युनिटपर्यंतची पायरी खेळाडू आपोआप चढतो, पण नेमाची तक्रार तशीच राहिली असती. आडाकडे जायची मधली वाट तीच असल्यामुळे तिथे चकमक होणारच होती. शेवटी पायरी ८ उंच आणि १२ रुंद केली, उतार ३४ अंशांच्या आसपास आला. जास्तीची लांबी माजघरातून घेतली. उभा, अंधारा जिना त्याने दिवाणखान्याच्या मागे, बंद दारापलीकडे ठेवला. फटीतून तो दिसतो.

सज्जाच्या कठड्यातून गोळ्या जाव्यात की अडाव्यात यावर फार चर्चा झाली नाही. फट दिसते तिथून गोळी गेली पाहिजे, म्हणून तिथे गोळ्या अडवणारं ब्लॉकबुलेट्स हे टूल टेक्स्चर लावलं नाही.

परिणाम

चौकातलं अडखळणं गेलं. लॅबच्या मशिनवर खेळ इतर मॅपइतकाच सुरळीत चालला. कंपाइल चहा पिऊन येईपर्यंत व्हायला लागलं आणि याचा फायदा वेगापेक्षाही मोठा ठरला, कारण आता एक क्लिप हलवून लगेच तपासता येत होती. वायरफ्रेममध्ये पुढच्या चौकातून आता मधल्या दारातून जेवढं दिसायला हवं तेवढंच मागचं दिसतं.

स्पर्धेत कौलांवर कुणी पोचलं नाही. आढ्यावरून आडाजवळ टाकायचा धुराचा ग्रेनेड सगळ्यांनी वापरला. वृंदावनाबद्दल एका संघाने नंतर सांगितलं की त्यावर उडी मारल्यावर घसरणं पटत नाही, दगडाचा माथा सपाट दिसतो. टीमने ते तसंच ठेवलं. बॉट, म्हणजे कॉम्प्युटर चालवतो ते खेळाडू, मात्र जिन्यापाशी अडकत राहिले, कारण पायऱ्या आणि क्लिप बदलल्यावर त्यांची नेव्हिगेशन मेश, म्हणजे कुठून चालता येतं याचा नकाशा, नव्याने बनवायची राहून गेली होती. ते स्पर्धेनंतर झालं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठा फरक क्रमाने पडला असता. मॅप राखाडी ठोकळ्यांचा असताना, टेक्स्चर नावाला नसताना, मधली इमारत घन ब्रशची असती तर दृश्यतेचा प्रश्न तेव्हाच दिसला असता. जिन्याचा उतारही त्याच वेळी ठरला असता आणि माजघर फोडावं लागलं नसतं. प्लेअरक्लिपचंही तेच. कौलं चढण्याजोगी आहेत का, हे कौलं रचण्याआधी कळायला हवं. छप्पर थोडं पुढे काढून किंवा वृंदावन सज्जापासून लांब सरकवून क्लिपची गरजच कमी करता आली असती. दिसणाऱ्या वस्तूने अडवलेला खेळाडू चिडत नाही, न दिसणाऱ्या भिंतीने अडवलेला चिडतो.

आकाश खाली आणण्याचा निर्णय दुसरीकडेही जाऊ शकला असता. स्पर्धा याहून जुन्या मशिनवर असती तर मी ग्रेनेडचा डाव सोडून वेग घ्यायला सांगितलं असतं. इथे हिंटने भागलं.

ब्रशचे गट करून ते दाखवता-लपवता येणाऱ्या हॅमरमधल्या व्हिसग्रुपचा उपयोग टीमने शेवटी सुरू केला. क्लिप, नोड्रॉचे गाभे, हिंट, पोर्टल वेगवेगळ्या गटांत, आणि प्रत्येक न दिसणारा ब्रश कशासाठी आहे याची एका वहीत नोंद. पागेवरचा तो ठोकळा कुणी आणि का लावला हे तिघांपैकी कुणालाच आठवत नव्हतं. नोंद असती तर तो शोधायला गेलेला वेळ वाचला असता.

२०२३ मध्ये ‘कौंटर-स्ट्राइक २’ आलं, तेव्हा टीमने वाडा सोर्स २ मध्ये न्यायला घेतला. तिथे ब्रशची जागा मेशने, म्हणजे हव्या त्या आकाराच्या जोडलेल्या पृष्ठभागांनी, घेतली आहे. दृश्यतेचा हिशोबही वेगळ्या पद्धतीने होतो, त्यामुळे जुनं हिंट आणि स्किपचं काम मागे पडलं. प्लेअरक्लिप आणि ग्रेनेड अडवणारी ग्रेनेडक्लिप मात्र तिथेही आहेत. क्लिपची वही उघडून त्यांनी कामाला पागेच्या पाखाडीपासून सुरुवात केली आहे.